हजारो ई-पुस्तकं आणि डझनभर फॉरमॅट: मराठी संग्रह लावण्याची पद्धत

पाच-सहा हजार ई-पुस्तकं जमली की अमुक पुस्तक आपल्याकडे आहे एवढं आठवतं. ते कुठे आहे, कोणत्या रूपात आहे आणि लोकलमध्ये फोनवर वाचता येईल की नाही, हे मात्र सांगता येत नाही. मराठी वाचकाचा संग्रह इंग्रजी वाचकापेक्षा जास्त विस्कळीत असतो, कारण तो दहा दिशांनी आलेला असतो. डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाचे स्कॅन, महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या पीडीएफ, ठाण्यातल्या ई साहित्य प्रतिष्ठानची मोफत पुस्तकं, किंडलवर विकत घेतलेली पुस्तकं, व्हॉट्सॲपवर आलेल्या फाइली, जुन्या ऑफिसच्या पेन ड्राइव्हमधली वर्ड डॉक्युमेंट्स, असं सगळं त्यात असतं.

बहुतेकांना पहिला उपाय सुचतो तो 'पीडीएफ', 'ईपब', 'मोबी' अशी फोल्डर करून पुस्तकं कायमची त्यांत ठेवण्याचा. त्यातून एकच पुस्तक तीन ठिकाणी विखुरतं आणि एका लेखकाची पुस्तकं एकत्र कधीच दिसत नाहीत. ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयासारख्या १८९३पासूनच्या ग्रंथालयातही कापडी बांधणीची पुस्तकं एका कपाटात आणि कागदी बांधणीची दुसऱ्यात अशी विभागणी कोणी करत नाही. फॉरमॅटवरून एवढंच कळतं की या फाइलीचं काय करता येईल आणि तिच्यावर कोणतं काम बाकी आहे. त्यामुळे फॉरमॅटनुसार वर्गवारी जरूर करायची, पण ती कामापुरती. तिच्या आधारे प्रत्येक पुस्तकाची मूळ प्रत ठरवायची, दुरुस्ती करायची आणि शेवटी सगळी रूपं एकाच नोंदीखाली आणायची. पुढची सगळी पद्धत याच क्रमाने जाते.

आधी सगळं एका जागी

संग्रहाच्या निदान दुप्पट मोकळी जागा असलेली हार्ड डिस्क घ्या. संग्रह २०० जीबीचा असेल तर ५०० जीबीची डिस्क पुरते. ती फॅट३२मध्ये फॉरमॅट करू नका, कारण त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही आणि बॅकअपची झिप फाइल तिथेच अडकते. विंडोज आणि मॅक दोन्हीवर वापरायची असेल तर एक्सफॅट, फक्त विंडोजवर असेल तर एनटीएफएस. एक्सफॅट डिस्क 'इजेक्ट' न करता ओढून काढली तर फाइलींची यादी बिघडण्याचा धोका जास्त असतो, एवढं लक्षात ठेवा.

डिस्कवर 'आवक' नावाचं एक फोल्डर करा आणि सगळ्या ठिकाणच्या फाइली त्यात कॉपी करा. या टप्प्यावर 'मूव्ह' वापरू नका. जिथून फाइली आणल्या ती जागा काम पूर्ण होईपर्यंत तशीच राहू द्या. 'आवक'मध्ये उगमानुसार उपफोल्डर ठेवा, म्हणजे जुना लॅपटॉप, फोन, किंडल, ईमेल अशी. एखाद्या फाइलीचं नाव निरर्थक निघालं तर ती कुठून आली यावरूनच ती ओळखता येते.

अँड्रॉइड फोनवर व्हॉट्सॲपच्या फाइली मीडिया फोल्डरमधल्या 'व्हॉट्सॲप डॉक्युमेंट्स'मध्ये सापडतात. त्यांतल्या पुष्कळांच्या नावात नुसतं 'डॉक', तारीख आणि क्रमांक एवढंच असतं, आणि काहींना शेवटचं एक्स्टेन्शनच (फाइलीचा प्रकार सांगणारी, नावातल्या टिंबापुढची अक्षरं) नसतं. अशा फाइली कोणत्याच प्रोग्रॅममध्ये उघडत नाहीत म्हणून लोक त्या खराब समजून पुसतात. त्या खराब नसतात, पुढच्या पायरीत त्यांची ओळख पटते.

यानंतर तंतोतंत सारख्या फाइली काढा. डुपगुरू हे मोफत सॉफ्टवेअर 'कंटेंट्स' या पद्धतीवर ठेवून 'आवक'वर चालवा. ते नाव न पाहता फाइलीतला मजकूर पडताळतं, त्यामुळे वेगळ्या नावाने आलेली तीच पीडीएफही पकडली जाते. 'फाइलनेम' पद्धत मात्र वापरू नका. 'भाग १' आणि 'भाग २' तिला सारखेच वाटतात आणि एक खंड हकनाक जातो.

एक्स्टेन्शनवर विश्वास ठेवू नका

विंडोजमध्ये फाइल एक्स्प्लोररच्या 'व्ह्यू' मेनूतून एक्स्टेन्शन दिसतील असं करून घ्या. मग खात्री करा की फाइलीचं नाव सांगतं तेच आत आहे. बहुतेक फॉरमॅटची सुरुवातीच्या काही अक्षरांत खूण असते. साध्या नोटपॅडमध्ये लहान फाइल उघडली तरी ती दिसते. पीडीएफची सुरुवात टक्केचिन्ह आणि पीडीएफ या अक्षरांनी होते. ईपब आणि सीबीझेड (कॉमिकचा फॉरमॅट) या मुळात झिप फाइली असल्यामुळे त्या 'पीके' या दोन रोमन अक्षरांनी सुरू होतात. मोबी आणि एझेडडब्ल्यू३मध्ये पहिल्या ओळीतच 'बुकमोबी' हा शब्द सापडतो. लिनक्स आणि मॅकवर 'फाइल' नावाची आज्ञा हेच काम एका फटक्यात हजारो फाइलींसाठी करते. विंडोजवर त्यासाठी ट्रिड आहे.

इथे तीन गोष्टी हमखास सापडतात. पहिली, काही केबी आकाराची 'पीडीएफ' जी खरं तर अर्धवट डाउनलोडच्या वेळी सेव्ह झालेलं वेबपान असतं. नोटपॅडमध्ये उघडल्यावर एचटीएमएल दिसलं तर ती पुसून टाका आणि पुस्तक पुन्हा मिळवा. दुसरी, सीबीआर नावाची कॉमिकची फाइल जी आतून झिप असते. तिचं एक्स्टेन्शन सीबीझेड करा. तिसरी, नुसत्या 'झिप' नावाने आलेली ईपब, जिचं फक्त एक्स्टेन्शन बदलायचं असतं. ती उघडून आतले तुकडे बाहेर काढलेत तर पुन्हा नीट झिप करणं जिकिरीचं जातं, कारण ईपबमध्ये 'माइमटाइप' नावाची फाइल सर्वांत पहिली आणि न दाबलेली (कॉम्प्रेस न केलेली) असावी लागते.

कामापुरती फोल्डर

आता 'आवक'मधून फाइली या गटांत हलवा: ईपब, किंडलचे फॉरमॅट (मोबी, एझेडडब्ल्यू, एझेडडब्ल्यू३, केएफएक्स), पीडीएफ, डीजेव्हीयू, कॉमिक, वर्ड, आरटीएफ आणि साधा मजकूर, आणि 'कुलूपबंद', म्हणजे डीआरएम (कॉपी रोखणारं डिजिटल कुलूप) असलेल्या फाइली. एक्स्प्लोररमध्ये 'टाइप'नुसार लावून घेतलं की हे काम पटकन होतं. पीडीएफच्या फोल्डरला मात्र सर्वाधिक वेळ द्यावा लागेल, आणि या लेखातही तिलाच सर्वाधिक जागा दिली आहे.

ईपब हा सर्वांत सुखाचा प्रकार. आत साधं वेबपानासारखं लेखन असतं, अक्षर लहान-मोठं करता येतं आणि त्यातून बाकी कुठलंही रूप सहज बनतं. त्यामुळे कथा, कादंबरी, चरित्र यांच्यासाठी ईपब असेल तर तीच मूळ प्रत धरा.

मोबी हा मोबीपॉकेट कंपनीचा फॉरमॅट. ती कंपनी ॲमेझॉनने २००५मध्ये घेतली आणि किंडलची सुरुवात त्यावर झाली. जुन्या मोबीत मांडणीच्या सोयी फार कमी आहेत. २०११मध्ये आलेला एझेडडब्ल्यू३ बराच सुधारित आहे. 'सेंड टू किंडल' सेवा २०२२पासून ईपब घेते आणि मोबी घेणं तिने थांबवलं, म्हणजे केवळ किंडलसाठी मोबी जपून ठेवायचं कारण आता उरलेलं नाही. फक्त मोबी असलेली पुस्तकं ईपबमध्ये बदला, चार पानं तपासा आणि मग मोबी काढून टाका. एझेडडब्ल्यू३ मात्र ठेवा. काही मोबी फाइलींत जुनं आणि नवं अशी दोन्ही रूपं एकत्र असतात. साध्या कादंबरीची मोबी अपेक्षेपेक्षा बरीच मोठी असेल तर हे कारण असू शकतं. कॅलिबर हे ई-पुस्तकं सांभाळणारं सॉफ्टवेअर (त्याची ओळख पुढे येते) अशा फाइलीतून आपोआप नवं रूप उचलतं.

किंडलवर विकत घेतलेली पुस्तकं बहुधा केएफएक्समध्ये आणि कुलूपबंद असतात. संगणकावर उतरवून यूएसबीने हलवण्याची सोय ॲमेझॉनने फेब्रुवारी २०२५मध्ये बंद केली. त्या पुस्तकांची फाइल तुमच्या संग्रहात येणार नाही हे धरून चाला आणि त्यांची फक्त नोंद करा. कॅलिबरमध्ये 'ॲड एम्प्टी बुक'ने फाइल नसलेली नोंद करता येते. मराठी पुस्तकविक्रेत्यांच्या ॲपमध्येच उघडणाऱ्या पुस्तकांसाठीही हाच मार्ग. नाहीतर तेच पुस्तक दुसऱ्यांदा विकत घेतलं जातं.

डीजेव्हीयू स्कॅनसाठीच बनलेला आहे. त्यात अक्षरांचा थर आणि कागदाच्या पार्श्वभूमीचा थर वेगळा दाबलेला असतो, म्हणून फाइल आटोपशीर राहते. त्याची पीडीएफ केली की आकार पुष्कळदा काही पट होतो. मूळ डीजेव्हीयूच ठेवा, टॅब्लेटवर लागेल तेव्हाच पीडीएफ करा.

कॉमिक सीबीझेडमध्ये ठेवा. आतल्या चित्रांची नावं १, २, १० अशी असतील तर काही वाचन-ॲप १नंतर १० दाखवतात. ००१, ००२, ०१० असं तीन आकडी नामकरण केलं की पानं क्रमाने लागतात.

पीडीएफ: एक नाव, तीन वेगळ्या वस्तू

मराठी पीडीएफ हाती आली की ती पुढच्या तीन प्रकारांपैकी कोणती हे आधी ठरवावं लागतं. हे न करता सगळ्या पीडीएफ सरसकट ईपबमध्ये बदलायला घेणं ही सर्वांत महागात पडणारी घाई. रात्रभर संगणक चालतो आणि सकाळी हजारो निरर्थक ईपब समोर येतात.

तपासणी साधी आहे. पुस्तकाच्या मधल्या एका पानावरची ओळ निवडून नोटपॅडमध्ये चिकटवा. मुखपृष्ठ किंवा प्रस्तावना यावर विसंबू नका, ती पानं अनेकदा वेगळ्या पद्धतीने बनलेली असतात.

ओळ निवडताच येत नाही, पूर्ण पान चित्रासारखं निवडलं जातं, तर ती स्कॅन पीडीएफ. डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाच्या, नावात २०१५ आणि पुढे लांबलचक क्रमांक असलेल्या फाइली बहुतेक याच जातीच्या.

ओळ निवडली गेली पण चिकटवल्यावर रोमन अक्षरं आणि चिन्हांचा गोंधळ आला, तर ती जुन्या फॉन्टची पीडीएफ. युनिकोड (प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणारी पद्धत) रुळण्याआधी मराठी पुस्तकं पेजमेकर या पानं जुळवण्याच्या प्रोग्रॅममध्ये श्री-लिपी, आकृती, कृतिदेव किंवा सी-डॅकच्या फॉन्टमध्ये जुळवली जात. त्यांत 'क' हे अक्षर रोमन अक्षराच्या जागेवर बसवलेलं असतं. डोळ्यांना उत्तम मराठी दिसते, संगणकाला ती मराठी आहे हे ठाऊकच नसतं. ॲक्रोबॅट रीडरमध्ये डॉक्युमेंट प्रॉपर्टीजच्या 'फॉन्ट्स' टॅबवर श्री-देव, डीव्हीबी, कृतिदेव, आकृती यांसारखी नावं दिसली की शंका मिटते.

ओळ चिकटवल्यावर मराठीच आली तर ती युनिकोड पीडीएफ, पण तिथेही लगेच हुरळून जाऊ नका. पीडीएफ अक्षरांऐवजी अक्षरांच्या आकृत्या आणि त्यांच्या जागा साठवते. त्यामुळे ऱ्हस्व वेलांटी एक अक्षर पुढे-मागे जाते, रफार गळतो, जोडाक्षर फुटतं. 'विद्यार्थी', 'कर्तृत्व', 'पद्धत', 'तऱ्हा' असे शब्द ज्या ओळींत असतील त्या चिकटवून पाहा. ते शाबूत आले तरच ती पीडीएफ ईपब करण्याजोगी.

आता प्रत्येकीचं काय करायचं ते.

युनिकोड आणि शाबूत: कॅलिबरने ईपब करून बघायला हरकत नाही. मराठीत मुख्य अडचण येते ती ओळी जोडण्याची. प्रत्येक छापील ओळ स्वतंत्र परिच्छेद होऊन बसू शकते. पीडीएफ इनपुटमधला 'लाइन अनरॅपिंग फॅक्टर' आधीपासून ०.४५ असतो. एकाच पुस्तकावर तो कमी-जास्त करून पाहा. ओळी तरीही जुळत नसतील तर मजकूर वर्डमध्ये नेऊन ओळखंड काढणं आणि तिथून ईपब करणं जास्त खात्रीचं. कविता, नाटक, बालसाहित्य, पाककृती, गणित यांच्या वाट्याला जाऊच नका. तिथे मांडणी हाच मजकुराचा भाग असतो, म्हणून पीडीएफ हीच मूळ प्रत.

जुना फॉन्ट: फॉन्ट-बदल करणारी साधनं मिळतात, पण प्रत्येक फॉन्टच्या प्रत्येक उपप्रकाराचा तक्ता वेगळा असतो आणि एखादं चिन्ह चुकलं तर पुस्तकभर तीच चूक उमटते. संग्रहासाठी आमचा कल ओसीआरकडे, म्हणजे पानाच्या चित्रातून अक्षरं ओळखण्याकडे आहे, कारण पानाचं चित्र स्वच्छ आणि अचूक असतं, फक्त मागचा मजकूर निरुपयोगी असतो. ओसीआरमायपीडीएफ या साधनाचा इथे एक सापळा आहे. फाइलीत आधीच मजकूर आहे असं दिसल्यावर ते थांबतं. मग लोक 'स्किप टेक्स्ट' हा पर्याय देतात, काम झाल्याचा संदेश येतो आणि फाइल होती तशीच राहते. अशा फाइलीला 'फोर्स ओसीआर' द्यावं लागतं. त्यात प्रत्येक पानाचं चित्र करून नव्याने अक्षरओळख होते, फाइलीचा आकार वाढतो, म्हणून मूळ फाइल वेगळी ठेवा.

स्कॅन: ओसीआरमायपीडीएफच्या मागे टेसरॅक्ट हे अक्षरओळखीचं सॉफ्टवेअर असतं आणि त्याला मराठीचा भाषासंच वेगळा बसवावा लागतो. तो न बसवता इंग्रजीवरच चालवलं तर मराठी पानामागे रोमन अक्षरांचा कचरा भरतो, आणि वरवर पाहता तो दिसतही नाही. पुस्तकात इंग्रजी शब्द असतील तर मराठी आणि इंग्रजी दोन्ही भाषा द्या, संस्कृत अवतरणं असतील तर संस्कृतही. पानं तिरकी असतील तर 'डीस्क्यू' लावा. स्वतः स्कॅन करत असाल तर ३०० डीपीआय ठेवा. त्याहून कमी ठेवल्यास शिरोरेषा तुटते आणि शब्दांचे तुकडे पडतात. आज्ञावलीचा कंटाळा असेल तर विंडोजवर नॅप्स२ हे मोफत साधन खिडकीतूनच ओसीआर करून देतं.

ओसीआरचा उपयोग शोधण्यापुरता माना. त्यातून ईपब करून वाचायचं असेल तर मुद्रितशोधन करावंच लागतं. स्कॅनच्या बाबतीत स्कॅन हीच कायमची मूळ प्रत, मजकूर तिच्यापासून निघालेला. फोनवर स्कॅन वाचणं गरजेचं असेल तर के-टू-पीडीएफ-ऑप्ट वापरून पाहा. ते अक्षरं ओळखायला जात नाही, पानाचं चित्र शब्दाशब्दांत कापून लहान पडद्यासाठी पुन्हा रचतं. ठाणे-वाशी गाडीत उभ्याने वाचायला एवढं पुरतं.

ओसीआर आणि रूपांतर रात्रभर चालवायचं असेल तर लॅपटॉपवर चालवा किंवा डेस्कटॉपला यूपीएस लावा. महावितरणचा देखभालीचा खंड असला तर तो दिवस टाळा. फाइल लिहिली जात असतानाच वीज गेली तर ती अर्धवट राहते.

कॅलिबरमध्ये भरणं: क्रम महत्त्वाचा

कॅलिबर हे कोविद गोयल यांनी २००६मध्ये सुरू केलेलं मोफत सॉफ्टवेअर या कामासाठी सर्वांत योग्य आहे. त्याची लायब्ररी एका नव्या, रिकाम्या फोल्डरात करा. गूगल ड्राइव्ह, ड्रॉपबॉक्स किंवा वनड्राइव्हच्या सिंक फोल्डरात ती ठेवू नका. सगळ्या नोंदी 'मेटाडेटा' नावाच्या एका डेटाबेस फाइलीत असतात आणि कॅलिबर लिहीत असताना सिंकने तिला हात घातला तर ती बिघडते.

लायब्ररीच्या फोल्डरात डोकावल्यावर मराठी नावांची विचित्र रोमन रूपं दिसतील. घाबरू नका. कॅलिबर फोल्डरची नावं रोमनमध्ये बदलतं, तुमचं मराठी शीर्षक नोंदीत जसंच्या तसं असतं. ती नावं हाताने 'दुरुस्त' केलीत तर कॅलिबरला फाइल सापडत नाही. त्या फोल्डरात फक्त कॅलिबरनेच फेरफार करावेत.

'प्रेफरन्सेस'मधल्या 'ॲडिंग बुक्स'मध्ये 'ऑटोमर्ज' चालू करा. शीर्षक आणि लेखक जुळले तर नवं रूप जुन्याच नोंदीत जातं. सारखाच फॉरमॅट आधीपासून असल्यास काय करायचं याचे तिथे तीन पर्याय आहेत: नवी फाइल सोडून देणे, जुनीवर लिहिणे, किंवा वेगळी नोंद करणे. तिसराच निवडा. पहिल्या दोन्हींत एक फाइल न सांगता जाते, आणि ती कदाचित जास्त चांगली आवृत्ती असते.

आता भरण्याचा क्रम. आधी ईपब, मग एझेडडब्ल्यू३ आणि मोबी, मग वर्ड, सर्वांत शेवटी पीडीएफ आणि डीजेव्हीयू. ईपबमध्ये शीर्षक-लेखक बहुधा नीट भरलेले असतात, त्यामुळे चांगल्या नोंदी आधी तयार होतात आणि पुढची रूपं त्यांना चिकटतात. पीडीएफ आधी भरल्या तर शीर्षकाच्या जागी 'मायक्रोसॉफ्ट वर्ड' किंवा पेजमेकरच्या फाइलीचं नाव येतं आणि जुळणी होतच नाही. पीडीएफच्या वेळी 'रीड मेटाडेटा फ्रॉम फाइल कंटेंट्स' ही खूण काढा, म्हणजे शीर्षक फाइलनावावरून घेतलं जाईल.

फोल्डरमधून भरताना दोन पर्याय विचारले जातात. एकात फोल्डरमधली प्रत्येक फाइल वेगळं पुस्तक मानली जाते, दुसऱ्यात सगळ्या फाइली एकाच पुस्तकाची रूपं मानल्या जातात. आपल्या फॉरमॅटवार फोल्डरसाठी पहिलाच हवा. चुकून दुसरा दिला तर शेकडो पुस्तकं एका नोंदीत कोंबली जातात. एका वेळी २००-३०० फाइलीच भरा, म्हणजे चूक लगेच दिसते.

एका नोंदीत एका फॉरमॅटची एकच फाइल राहते. म्हणून तीन खंडांच्या ग्रंथाच्या तीन नोंदी करा आणि 'सीरीज'मध्ये ग्रंथाचं नाव देऊन १, २, ३ क्रमांक द्या. एकाच पुस्तकाच्या दोन आवृत्तींचे स्कॅन असतील तर शीर्षकातच आवृत्ती लिहा.

दिसायला सारखी, संगणकाला वेगळी

नोंदी जुळल्या नाहीत तर कारण बहुधा लिपीत असतं. 'ॲ' हे एक अक्षर म्हणून टाइप करता येतं, किंवा 'अ' लिहून त्यावर चंद्र देऊनही. 'दऱ्या'मधला अर्धा 'र' दोन-तीन प्रकारे साठवला जातो, त्यातल्या एकात न दिसणारं जोडचिन्ह असतं. पडद्यावर फरक शून्य, पण शोधात आणि जुळणीत ते वेगळे शब्द ठरतात. कॅलिबरच्या 'बल्क एडिट'मधल्या 'सर्च अँड रिप्लेस'ने शीर्षक आणि लेखक या दोन्हींत एकच पद्धत करून घ्या.

लेखकांच्या नावांचाही एक नियम ठरवा: आद्याक्षर, टिंब, जागा, मग आडनाव. टिंबानंतर जागा दिली-न दिली एवढ्यावरून एका लेखकाचे चार लेखक होतात. 'मॅनेज ऑथर्स'मध्ये सगळी नावं एकत्र दिसतात, तिथे ती एकदाच बदला. कॅलिबर शेवटचा शब्द आडनाव समजून क्रम लावतं, म्हणून नावाच्या शेवटी 'महाराज' असलेल्या सगळ्या संतांची पुस्तकं 'म'खाली गोळा होतात. तिथे 'ऑथर सॉर्ट' हाताने भरावा. अनुवादकाला लेखकाच्या रकान्यात घालू नका, त्याच्यासाठी वेगळा रकाना करा. भाषा 'मराठी' अशी प्रत्येक नोंदीत भरा. कोणत्या वळणाचा 'ल' आणि 'श' दाखवायचा हे काही फॉन्ट त्यावरूनच ठरवतात.

फॉरमॅटचे रकाने आणि कामाच्या याद्या

'प्रेफरन्सेस'मधून तीन खास रकाने करा. 'मूळ प्रत' (ईपब, पीडीएफ, स्कॅन वगैरे ठरावीक पर्यायांतून), 'पीडीएफ प्रकार' (युनिकोड, जुना फॉन्ट, स्कॅन, ओसीआर झालेला), आणि 'तपासलं' (हो किंवा नाही). रकान्याचं दिसणारं नाव मराठीत चालतं. त्याचं अंतर्गत नाव मात्र रोमन छोट्या अक्षरांत द्या. रकाना केल्यावर कॅलिबर बंद करून पुन्हा उघडावं लागतं.

डावीकडच्या टॅग ब्राउझरमध्ये 'फॉरमॅट्स' उघडलं की प्रत्येक फॉरमॅटसमोर पुस्तकांची संख्या दिसते. पीडीएफवर क्लिक करून अधिकची खूण आणा, ईपबवर वजाची खूण येईपर्यंत क्लिक करा, आणि सर्व अटी जुळाव्यात असा पर्याय ठेवा. पीडीएफ असलेली पण ईपब नसलेली पुस्तकं समोर येतात. त्यातच 'पीडीएफ प्रकार: युनिकोड' जोडलं की रूपांतराची यादी तयार, 'जुना फॉन्ट' जोडलं की ओसीआरची. हे शोध 'व्हर्च्युअल लायब्ररी' म्हणून साठवा आणि टॅबच्या रूपात दाखवा. जसजसं काम होतं तसतशी पुस्तकं त्या यादीतून आपोआप निघून जातात. 'फोनवर वाचण्याजोगी' आणि 'टॅब्लेट लागेल अशी' या दोन याद्या याच पद्धतीने केल्या की रोजच्या वापराचा प्रश्न सुटतो.

दुबार नोंदींसाठी 'फाइंड डुप्लिकेट्स' हे प्लगइन (कॅलिबरला जोडायचा छोटा प्रोग्रॅम) बसवा. दोन नोंदी एकत्र करताना जिचा तपशील चांगला आहे ती आधी निवडा, कारण 'मर्ज' पहिल्या निवडलेल्या नोंदीत होतं. दोन्हींत पीडीएफ असेल तर दुसरीची पीडीएफ टाकून दिली जाते, म्हणून आधी दोन्ही उघडून बघा.

बाहेर काढणं आणि जपणं

फोन किंवा पेन ड्राइव्हवर मराठी नावांनी पुस्तकं हवी असतील तर 'सेव्ह टू डिस्क' वापरा, आणि त्याच्या सेटिंगमधली इंग्रजी अक्षरांत बदलण्याची खूण काढा. नाव आटोपशीर ठेवा. लिनक्सवर आणि पुष्कळ नेटवर्क डिस्कवर नावाला २५५ बाइटची मर्यादा असते आणि प्रत्येक देवनागरी चिन्ह तीन बाइट खातं. काना-मात्रा धरून साधारण ८५ चिन्हांतच मर्यादा संपते, आणि कॉपी मधेच थांबते.

कुणाला पुस्तक देण्याआधी हक्कांचा विचार करा. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क कायम असतो, आणि मोफत मिळालेलं प्रत्येक पुस्तक हक्कमुक्त असतंच असं नाही. त्यासाठी 'हक्क' असा आणखी एक रकाना असला तर सोसायटीच्या ग्रुपवर काय पाठवायचं हे लगेच ठरतं.

बॅकअप घेताना कॅलिबर बंद करा आणि लायब्ररीचं पूर्ण फोल्डर कॉपी करा. फक्त पुस्तकांच्या फाइली घेतल्या तर रकाने आणि याद्या मागेच राहतात. दोन डिस्क ठेवा, एक घरी आणि दुसरी दुसऱ्या घरात, म्हणजे तुम्ही घोडबंदरला असाल तर नेरूळच्या बहिणीकडे. खाडीकाठच्या पावसाळी दमटपणात डिस्क बंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. बॅकअप घेण्याआधी 'लायब्ररी मेंटेनन्स'मधलं 'चेक लायब्ररी' चालवा. नोंद आहे पण फाइल नाही, किंवा फाइल आहे पण नोंद नाही, अशा गोष्टी ते दाखवतं, आणि बिघडलेल्या लायब्ररीची कॉपी घेणं टळतं.

यापुढे येणारी प्रत्येक नवी फाइल थेट लायब्ररीत न टाकता 'आवक'मध्ये टाका. महिन्यातून एकदा बसून ओळख, पीडीएफची चिकटवून तपासणी, भरणं आणि 'पीडीएफ प्रकार'चा रकाना हे चार टप्पे उरका.